परत वाढलेलं वजन सर्जनसमोर ठेवताना

दुखणं वाढलं की माणूस डॉक्टरकडे जातो. वजन वाढलं की जायचं टाळतो. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षांत हे फार ठळकपणे घडतं. पहिल्या वर्षी किलोमागून किलो उतरत असतात, कपडे सैल होत असतात, मधुमेहाच्या गोळ्या कमी होत असतात, आणि तपासणीची तारीख कुणी चुकवत नाही. पुढे कधीतरी वजन स्थिरावतं, मग दोन किलो वाढतं, मग पाच. नेमक्या त्याच सुमाराला सर्जनकडची फेरी लांबणीवर पडू लागते. ‘आधी थोडं उतरवतो, मग जातो’ असं मनाशी ठरतं. उतरत तर नाहीच, आणि एक दिवस लक्षात येतं की शेवटची भेट होऊन तीन वर्षं झाली. ज्या काळात सर्जनचा सर्वांत जास्त उपयोग झाला असता, तोच काळ लाजेत निघून जातो. म्हणून या प्रकरणात एकाच गोष्टीचा आग्रह धरायचा आहे. परत वाढलेल्या वजनाकडे रक्तदाबाकडे किंवा तापाकडे पाहतो तसं लक्षण म्हणून पाहावं आणि ते लवकर, आकड्यांसह, सर्जनला सांगावं. सर्जन जितका लांब, तितकं हे जास्त गरजेचं.

बालाघाटहून तो लांबच आहे. १८६७ मध्ये हा जिल्हा तयार झाला तेव्हा तो नागपूर विभागात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर एकीकडे गेलं आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं, तरी मोठ्या दुखण्याची वाट अजून बरीचशी जुन्याच दिशेने जाते. आधी चाळीसेक किलोमीटरवरचं गोंदिया, तिथून पुढे नागपूर. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया मोठ्या शहरांत होते; नागपूर, इंदूर, रायपूर, मुंबई, पुणे. बालाघाटच्या माणसाला त्यातलं कुठलंही गाठायचं तर दिवस मोडतो, रजा टाकावी लागते, बहुधा घरातलं कुणीतरी सोबत घ्यावं लागतं. शस्त्रक्रियेसाठी हे सगळं माणूस आनंदाने करतो. ‘माझं वजन वाढलंय’ एवढंच सांगायला इतका खटाटोप करणं त्याला अवघड वाटतं. शिवाय या शस्त्रक्रियेची बातमी होते ती ऑपरेशनच्या दिवसाची. २०११ मध्ये नागपूरचे नितीन गडकरी, तेव्हाचे भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष, यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली, २०१४ मध्ये अरुण जेटली यांनी दिल्लीत. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून हा उपाय असंख्य वाचकांना कळला. दहाव्या वर्षी अशा रुग्णाच्या शरीरात काय चाललेलं असतं, याची बातमी होत नाही. त्यामुळे वजन एकदा उतरलं की उतरलं, असा समज तयार होतो, आणि तो मोडला की रुग्ण दोष स्वतःला देतो.

हा समज पुराव्याला धरून नाही. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात चार हजारांहून अधिक लठ्ठ व्यक्तींचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. त्यातल्या निम्म्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली होती, निम्म्यांनी नेहमीचे उपचार घेतले होते. गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं. दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली होती. म्हणजे काही वजन परत आलं, पण बहुतेक घट टिकली. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या अभ्यासातही हेच दिसलं: दोन वर्षांनी सरासरी ४५ किलो घट, सहा वर्षांनी ३६, बारा वर्षांनी ३५. आधी खाली, मग थोडं वर, मग बरंचसं सपाट, असा या शस्त्रक्रियेचा आलेखच असतो. स्वीडनच्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट ‘माझं ऑपरेशन फेल गेलं’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. काही वजन परत येऊनसुद्धा शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यूचा धोका, वय आणि इतर जोखमी हिशेबात धरल्यावर, सुमारे २९ टक्क्यांनी कमी होता. काट्यावर पाच किलो वाढले म्हणून मधुमेह, गुडघे, झोपेतला श्वास यांना झालेला फायदा पुसला जात नाही.

मग काळजी कधी करायची? त्यासाठी हिशेब नीट मांडावा लागतो, आणि घरोघरी तो चुकतो. लोक आजचं वजन सर्वांत कमी वजनाशी ताडतात आणि घाबरतात, किंवा शस्त्रक्रियेआधीच्या वजनाशी ताडतात आणि निश्चिंत राहतात. अमेरिकेतल्या अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या एका अभ्यासाने २०१८ मध्ये दाखवलं की उतरलेल्या एकूण वजनापैकी किती टक्के परत आलं, हे माप आरोग्यावरच्या परिणामांशी सर्वांत चांगलं जुळतं. बायपासनंतर वजन सर्वांत खाली जायला त्या रुग्णांना साधारण दोन वर्षं लागली होती. तिथून एका वर्षात उतरलेल्या वजनाचा साडेनऊ टक्के भाग परत आला होता आणि पाच वर्षांत जवळजवळ २७ टक्के. वाढीचा वेग पहिल्याच वर्षी सर्वांत जास्त होता. समजा, शस्त्रक्रियेआधी वजन ११० किलो होतं आणि ते ७५ पर्यंत आलं. ३५ किलो उतरले. आज ८२ असेल तर सात परत आले, म्हणजे पाचवा हिस्सा. हे त्या सर्वसाधारण आलेखात बसतं. आज ८८ असेल तर तेरा आले, म्हणजे ३७ टक्के. लठ्ठपणाच्या सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने अलीकडे ३० टक्क्यांची रेघ आखली आहे: त्यापुढे गेलं, किंवा बरा झालेला मधुमेह-रक्तदाब पुन्हा बिघडू लागला, तर शोध घ्यायलाच हवा. पण मुक्कामाइतकाच वेग महत्त्वाचा. चार वर्षांत हळूहळू आलेले सात किलो आणि चार महिन्यांत आलेले सात किलो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसऱ्या प्रकारात तीस टक्के भरेपर्यंत थांबण्यात शहाणपणा नाही. म्हणून भेटीला जाताना तीन आकडे कागदावर लिहून न्यावेत: आधीचं वजन, सर्वांत कमी वजन आणि ते कोणत्या महिन्यात होतं, आणि आजचं वजन. ‘खूप वाढलंय हो डॉक्टर’ या वाक्यातून सर्जनला काहीच कळत नाही. या तीन आकड्यांवरून त्याला अर्ध्या मिनिटात निम्मं चित्र दिसतं.

वजन परत का येतं, याचं घराघरातलं उत्तर ठरलेलं आहे: तोंडावर ताबा नाही. शरीरशास्त्राचं उत्तर इतकं सोपं नाही. वजन उतरलं की शरीर ते परत मिळवायला लागतं. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी केवळ आहारावर वजन उतरवलेल्या ५० व्यक्तींचं रक्त तपासलं. वर्ष उलटून गेल्यावरही भूक वाढवणारं घ्रेलिन चढलेलं होतं आणि चरबीच्या साठ्याची खबर मेंदूला देणारं लेप्टिन उतरलेलं होतं. अमेरिकेतल्या एका टीव्ही स्पर्धेत भराभर वजन उतरवलेल्या चौदा स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा त्यांची शरीरं अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होती. शस्त्रक्रियेची खरी ताकद इथेच आहे. तिच्या स्लीव्ह या प्रकारात जठराचा पाऊण हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त भाग काढला जातो, आणि घ्रेलिन मुख्यतः जिथे तयार होतं तो वरचा फुगीर भागही त्यात जातो. बायपासमध्ये अन्न आतड्याच्या पुढच्या भागात लवकर पोचतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारी संप्रेरकं जोरात स्रवतात. पण ही पकड सगळ्यांत सारखी नसते आणि सारखी टिकत नाही. काळाबरोबर स्लीव्ह सैलावू शकते, वरचा भाग पहिल्या शस्त्रक्रियेत थोडा राहून गेलेला असू शकतो, बायपासचा जोड रुंदावू शकतो, क्वचित बायपासमध्ये वेगळी केलेली लहान पिशवी आणि उरलेलं जठर यांच्यात नको ती वाट तयार होते. यातलं काहीही रुग्णाला आरशात दिसत नाही, आणि आहारतज्ज्ञाच्या तक्त्यातही उमटत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो, तो थेट आहे: कारणं काहीही असोत, शेवटी जास्त खाल्लं म्हणूनच वजन वाढलं ना? मग सर्जन काय करणार? आक्षेपाचा पहिला भाग खरा आहे, ऊर्जा जास्त आत गेल्याशिवाय वजन वाढत नाही. पण जास्त का गेली, हा प्रश्न तिथेच संपत नाही. तो तिथून सुरू होतो. बालाघाट-गोंदिया हा भाताचा पट्टा आहे. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथल्या घरात भात, पेज, चहाबरोबर टोस, नाश्त्याला पोहे किंवा आलूबोंडा, हे रोजचं आहे. शस्त्रक्रियेनंतर सल्ला असतो की आधी प्रथिनं: अंडी, मासोळी, चिकन, पनीर, डाळ, चणे, भात मागून. समजा एखाद्या बाईला दोन वर्षांनी असं होऊ लागलं की पोळी अडकते, चिकनचा घास छातीत बसल्यासारखा वाटतो, पण मऊ भात, खीर, चहात बुडवलेली बिस्किटं सरळ खाली जातात. ती नकळत जे जातं तेच खाऊ लागेल. मऊ आणि पातळ अन्न लहान पिशवीतून भरकन निसटतं, तृप्ती देत नाही, तासाभरात पुन्हा भूक लागते. तिचं वजन वाढेल, आणि बाहेरून पाहणाऱ्याला एवढंच दिसेल की ही दिवसभर भात-बिस्किटं खाते. मूळ गोष्ट वेगळी असू शकते: स्लीव्ह मध्येच अरुंद झाली असेल, बायपासच्या जोडावर व्रण असेल, किंवा छातीतली जळजळ अन्ननलिकेला सूज आणत असेल. फिनलंडमध्ये स्लीव्ह आणि बायपास यांची तुलना करणाऱ्या चाचणीत दहा वर्षांनी दुर्बिणीने तपासल्यावर स्लीव्ह झालेल्यांपैकी ३१ टक्के रुग्णांच्या अन्ननलिकेत दाह आढळला. बायपास झालेल्यांत ७ टक्के. अन्न अडकणं आणि वजन वाढणं या दोन तक्रारी एकमेकींच्या विरुद्ध वाटतात, म्हणून रुग्ण पहिली सांगतच नाही. ती आवर्जून सांगायला हवी. ‘डॉक्टरसाहेब, पोळी अडकते, भात जातो’ एवढ्या पाच शब्दांवरून सर्जन एंडोस्कोपीचा निर्णय घेऊ शकतो.

काही कारणं औषधांच्या डबीत असतात. स्टिरॉइड, इन्सुलिन, मानसिक आजाराच्या आणि नसांच्या दुखण्याच्या काही गोळ्या, रक्तदाबाच्या काही जुन्या गोळ्या वजन वाढवतात. म्हणून सध्या चालू असलेली प्रत्येक गोळी, गावातल्या डॉक्टरने दिलेलं इंजेक्शन आणि कुणी सांगितलेलं सांधेदुखीचं चूर्णसुद्धा, भेटीला सोबत न्यावं. अशा चूर्णांत कधी कधी स्टिरॉइड मिसळलेलं असतं. थायरॉइड, गर्भारपण, पाळी जाण्याचा काळ, रात्रपाळी, गुडघ्याच्या दुखण्याने बंद पडलेलं चालणं, हेही सांगण्यासारखं आहे. आणि दारू. बायपासनंतर दारू रक्तात लवकर आणि जास्त चढते. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत दारूच्या व्यसनाचं प्रमाण शस्त्रक्रियेआधीच्या वर्षात ७.६ टक्के होतं, ते नंतरच्या दुसऱ्या वर्षात ९.६ टक्के झालं. मोहाची दारू जिथे सणासमारंभाचा भाग आहे तिथे हा प्रश्न चोरीचा मानण्यात अर्थ नाही. पण तो नवऱ्यासमोर, सासूसमोर, मोठ्या भावासमोर बोलला जात नाही, तसंच रात्री एकट्याने खाणंही बोललं जात नाही. बालाघाटहून नागपूरला एकटं कुणी येत नाही, त्यामुळे खोलीत नेहमी तिसरं माणूस असतं. रुग्णाने ‘मला दोन मिनिटं एकट्याने बोलायचं आहे’ म्हणावं, आणि त्याला म्हणता येत नसेल तर सर्जनने सोबतच्या माणसाला बाहेर थांबायला सांगावं. वजन का वाढतंय याची गाठ अनेकदा त्या दोन मिनिटांतच सुटते.

इथे सर्जनच्या बाजूनेही स्पष्ट बोलायला हवं, कारण संवाद एकट्याने होत नाही. रुग्ण समोर बसल्याबरोबर ‘काय खाताय?’ हा प्रश्न आला की त्याचा अर्थ आरोप असा घेतला जातो, आणि पुढचं उत्तर खरं येत नाही. ‘किती दिवसांनी आलात!’ हेही तसंच. आधी भूक कशी आहे, घास अडकतो का, झोप कशी आहे, असं विचारलं तर माहिती तीच मिळते, शिवाय खरी मिळते. शस्त्रक्रियेआधीच्या भेटीत रुग्णाला आलेख काढून दाखवावा, की काही वर्षांनी वजन थोडं वर येईल आणि ते आलं की मला कळवायचं. हे आधी सांगितलं नसेल तर वाढलेला पहिला किलो रुग्णाला स्वतःचा पराभव वाटतो, आणि या गैरसमजाची जबाबदारी सांगायचं राहून गेलेल्या माणसावर येते. चांगली केंद्रं आहारतज्ज्ञ आणि समुपदेशक सोबत ठेवतात, त्यांचं काम मोलाचं आहे. पण ‘आता आहारतज्ज्ञाला भेटा’ म्हणून सर्जनने मोकळं होणं बरोबर नाही. जठर त्याने बदललंय, आत काय केलंय हे त्यालाच सर्वांत चांगलं ठाऊक आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा आणि विश्वासाचा आहे. सर्जनकडे गेलं की तो दुसरं ऑपरेशनच सुचवणार, ही भीती लोक उघड बोलतात. ती निराधार आहे असं म्हणता येणार नाही; खासगी वैद्यकात दुसऱ्या शस्त्रक्रियेतही उत्पन्न असतं. पण या भीतीवर न जाणं हा उपाय नाही, प्रश्न विचारणं हा उपाय आहे. दुर्बिणीत किंवा बेरियमच्या एक्स-रेत काय दिसलं? जे दिसलं ते वजन वाढण्याचं कारण आहे, की नुसतं सापडलं? दुरुस्तीनंतर किती वजन उतरण्याची अपेक्षा आहे, आणि गुंतागुंतीची शक्यता पहिल्या वेळेपेक्षा किती जास्त? आधी शिवलेल्या, चिकटलेल्या भागात पुन्हा काम करायचं असल्याने ती जास्तच असते, आणि हे सर्जनने स्वतःहून सांगायला हवं. रचनेत दोष सापडला नाही, तर निव्वळ काट्यासाठी पुन्हा पोट उघडण्याची घाई करू नये. जळजळीने हैराण झालेल्या स्लीव्हच्या रुग्णाला मात्र बायपासमध्ये बदल करून दोन्ही दुखण्यांत आराम मिळू शकतो. पैशाच्या बाजूने हेही पाहावं की विमा नियामकाने २०१९ मध्ये घातलेल्या अटींनुसार लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळायला बीएमआय ४० किंवा गंभीर सहव्याधींसह ३५ लागतो. वजन वाढून बीएमआय ३३ झालेला रुग्ण त्यात बसत नाही, म्हणून कंपनीचा लेखी होकार आधी घ्यावा.

गेल्या काही वर्षांत या संभाषणात तिसरी वाट आली आहे, ती म्हणजे औषधांची. लंडनमध्ये शस्त्रक्रियेचा अपेक्षित फायदा न झालेल्या ७० रुग्णांवर लिराग्लुटाइडची चाचणी झाली. २४ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचं वजन ८.८ टक्क्यांनी उतरलं, बनावट औषध घेणाऱ्यांचं अर्धा टक्का. २०२५ मध्ये भारतात मौंजारो आणि वेगोव्ही ही आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं आली, आणि आता अनेक रुग्ण दुकानातून नाव विचारूनच येतात. ही औषधं उपयोगी आहेत. पण वेगोव्हीतलं सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आला, हेही चाचणीतच दिसलं आहे. म्हणजे किती काळ घ्यायचं आणि तेवढा खर्च झेपेल का, हे पहिल्या इंजेक्शनच्या आधी बोलायला हवं. शस्त्रक्रियेने आधीच अन्न कमी झालेल्या माणसाची भूक आणखी मारली, तर प्रथिनं आणि जीवनसत्त्वं कमी पडून स्नायू झडतात. म्हणून हे इंजेक्शन परस्पर सुरू करू नये. ज्याला पोटाची नवी रचना माहीत आहे त्याच्या सल्ल्याने घ्यावं.

आणखी एक आक्षेप आहे, तो रुग्ण घेत नाहीत, समाजाची काळजी वाहणारे घेतात. ज्या जिल्ह्यात बैगा आणि गोंड पाड्यांवर कुपोषण आहे तिथे लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेच्या पाठपुराव्यावर शब्द कशाला खर्चायचे? कुपोषणाला प्राधान्य हवं, यात वाद नाही. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि जवळजवळ २३ टक्के पुरुष वजनदार किंवा लठ्ठ आढळले. कमी वजन आणि जास्त वजन आता एकाच जिल्ह्यात, कधी एकाच घरात नांदतात. मलाजखंडची तांब्याची खाण, भरवेलीची मँगनीजची खाण, सरकारी कचेऱ्या, बाजारपेठ, इथे बसून काम करणारा वर्ग वाढलेला आहे. आणि शस्त्रक्रिया झालेल्यांची संख्या थोडी असण्याचा उलटाच परिणाम होतो: इथल्या डॉक्टरांना असे रुग्ण क्वचित दिसतात, त्यामुळे त्यांना काय विचारायचं याचा सराव नसतो. शिवाय वजन वाढलं म्हणजे पोषण झालं असं नाही. शस्त्रक्रियेनंतर बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम आयुष्यभर घ्यावं लागतं. गोळ्या सुटलेल्या माणसाचं वजन वाढत असतानाच रक्त कमी होत असतं, आणि आलेला थकवा वाढलेल्या वजनाच्या नावावर खपून जातो. या पट्ट्यात सिकलसेलही आढळतो. सिकलसेल किंवा लोहाची कमतरता असेल तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची एचबीए१सी चाचणी फसवू शकते, कधी खरी साखर लपवते, कधी नसलेली दाखवते. वजनाबरोबर मधुमेह परत आला का, हे ठरवताना बालाघाटच्या रुग्णाने सर्जनला ‘माझी सिकलची तपासणी अशी आली होती’ हे सांगणं म्हणूनच कामाचं आहे.

उरतं अंतर. ते कमी करता येत नाही, पण त्यातली अर्धी फेरी घरी बसून पार पडते. हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड, साखर या तपासण्यांचं रक्त नागपूरलाच द्यावं असं नाही. ते जवळ देऊन अहवाल हातात घेऊन जावं. केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये दूरवैद्यकाची नियमावली जाहीर केल्यापासून व्हिडिओवर सल्ला देणं नियमात बसतं. आकडे, आहार, औषधं, भूक, हे सगळं फोनवर बोलता येतं. दुर्बीण घालायची वेळ आली तरच गाडी पकडावी. सर्जन बदलला, गाव बदललं, तरी एक कागद जपायचा: शस्त्रक्रियेची नोंद. स्लीव्ह झाली की बायपास, बायपास कोणत्या पद्धतीचा, आतड्याचा किती भाग वळवला, हे त्यात असतं. अनेक रुग्णांना आपलं ‘पोटाचं ऑपरेशन’ झालं एवढंच सांगता येतं. डिस्चार्ज कार्डात ही माहिती अपुरी असेल तर मागून घ्यावी, तिचा फोटो फोनमध्ये ठेवावा आणि बालाघाटच्या आपल्या डॉक्टरलाही द्यावा.

हा कागद वजनापलीकडेही लागतो. बायपासनंतर आतड्याची घडी आतल्याच फटीत अडकण्याचा धोका वर्षांनंतरही असतो, आणि बरंच वजन उतरलेल्यांत तो वाढतो. अचानक उठणारी, पाठीत जाणारी पोटाची कळ, थांबत नसलेली उलटी, काळी शौचास होणं, यांपैकी काही झालं तर वजनाची गोष्ट बाजूला ठेवून त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं. साधी आम्लता समजून घरी गोळ्या घेत बसायचं नाही. तिथल्या डॉक्टरला पहिलं वाक्य हे सांगायचं की बायपास झालेला आहे, आणि सर्जनचा नंबर लावून त्यांच्या हातात फोन द्यायचा. ज्या सर्जनशी गेल्याच महिन्यात वाढलेल्या चार किलोंबद्दल बोलणं झालेलं असतं, त्याला मध्यरात्रीही रुग्णाचं नाव आणि त्याच्या पोटाची रचना आठवते.